घरी विचारून सांगते

नवी पेठेजवळच्या गणवेशाच्या कारखान्यात अकबरी शिलाईच्या बायकांवर सुपरवायझर आहे. मालकानं जादा पाळी सांगितली किंवा जुळे सोलापूरच्या नव्या युनिटला जा म्हटलं, तरी तिचं उत्तर ठरलेलं: "घरी विचारून सांगते." बाईमाणसाला विचारावंच लागतं, हे मालकालाही पटतं. कटिंगमास्तर सरफराजला ती सोय नाही. पुरुषानं घरी विचारायचं म्हणजे हसंच व्हायचं. म्हणून तो तिथल्या तिथं हो म्हणतो आणि मग महिनाभर कुरकुरतो.

संध्याकाळी अकबरी घरी येते, कुलूप काढते, कपभर चहा टाकते आणि सावकाश विचार करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक बार्शीला नांदते. सकाळी ती मालकाला सांगते, "घरचे नको म्हणतात."