आमोण्यातली दुपारची पार्टी

कंपनीच्या बसमध्ये बसले होते, तेव्हा दीपालीचा फोन आला. "स्नेहा गेली गो..." एवढंच ती बोलू शकली. कावीळ उलटली होती हे आम्हा मैत्रिणींना ठाऊक होतं. पण पंचविशीत कुणी अशी जाते, हे मनाला शिवलंही नव्हतं. आता दीड महिना होईल.

मी गडहिंग्लजकडची, कामासाठी गोव्यात डिचोलीत खोली घेऊन राहते. स्नेहा जवळच्याच आमोण्याची; पॅकिंगला माझ्या शेजारी असायची. घरातल्या पार्ट्या आम्ही सिनेमात, रील्समध्ये पुष्कळ पाहिलेल्या... रंगीत दिवे, हातात ग्लास, आईवडील गावाला गेलेले. आमच्या घरच्यांच्या लेखी मात्र पार्टी म्हणजे हरमलच्या किनाऱ्यावरचा रात्रीचा धिंगाणा, आणि हरमलला गेलेली मुलगी हातची गेली. "मग आपण दुपारी करूया, आई घरात असताना," स्नेहा म्हणाली. त्या रविवारी तिच्या आईनं पाव आणि वाटाण्याचं तोणाक, नारळाच्या रश्शाचं, केलं. गाणी लागली तरी आम्ही हळदीकुंकवाला आल्यासारख्या बसून राहिलो. शेवटी स्नेहा एकटीच नाचायला लागली, आणि इतकं वाईट नाचली की आमची भीड चेपली. अगदी रंगात आलो असताना दीपालीचे बाबा स्कूटरवरून तिला न्यायला आले. कुणीतरी त्यांचे कान भरले होते. गाणं थांबलं, दीपालीनं पर्स उचलली. स्नेहा मात्र पायरीवर गेली.

"काका, आत येवा. जेवण अजून व्हायचंय."

"पार्टी म्हणतात ती हीच काय?"

"हीच."

ते अवघडून खुर्चीत टेकले, पाव खाल्ला. गाणं परत लावायला कुणी धजेना, तेव्हा तेच म्हणाले, "बंद कित्याक केलंत?" आणि निघताना म्हणाले, "फुडल्या आयताराक आमच्या घरा करा." तिथून आमच्या पार्ट्या घरोघर फिरू लागल्या. आयांनाही त्यांची गोडी लागली.

स्नेहा गेल्यावर सगळं थांबलं. मग परवा तिच्या आईचा फोन आला. "बाय, तुम्ही बंद करू नकात हां. मीही येतंय." येत्या रविवारची पार्टी माझ्याकडे आहे. खोली एवढीशी. पण कुणाच्याही घरी गेली की स्नेहा आधी खुर्च्या-टेबल भिंतीला सरकवायची, मग नाचायला मोकळी व्हायची. काल मीही खाट सरकवली, कपाट कोपऱ्यात ढकललं... मधे तिघीचौघी नाचतील एवढी जागा निघाली.