बिनसाबणाचा गिलावा

कार्यकारी अभियंत्यांनी बागेत बसायलाच नकार दिला. "समोर ही भिंत असताना चहा घशाखाली जाणार नाही," ते म्हणाले.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवे अधिकारी, पाहुणे, सगळ्यांची ऊठबस सरकारी विश्रामगृहात असे. मी तिथला कनिष्ठ अभियंता. बाग लहान, दुष्काळाने निम्मी वाळलेली. तिच्या एका अंगाला शेजाऱ्यांच्या घराची पाठभिंत होती. मातीत बांधलेली, विटा झिजलेल्या, मातीचे ओघळ उतरलेले. मधोमध एक खिडकी.

"मंत्र्यांचा दौरा आहे. पत्रे ठोका," साहेब म्हणाले.

"त्यांची खिडकी बंद होईल, सर."

"मग गिलावा करा. तडा गेला, तर मात्र पत्रे."

गिलावा म्हणजे प्लास्टर. ते अवघड नाही, अवघड असतं नंतरचं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. म्हणून आठवडाभर ते ओलं ठेवावं लागतं. याला क्युरिंग म्हणतात. उन्हाळ्यात हयगय झाली की तडे पडलेच.

परवानगी मागायला शेजारी गेलो. घर किराणा दुकानदार मन्मथअप्पांचं. लकवा झाल्यापासून अप्पा त्या खिडकीशी खाटेवर पडून असत. दुकान आणि घर त्यांची सून महानंदाबाई बघत.

"भिंत आमची, आन लाज तुम्हाला वाटायली?" त्या म्हणाल्या.

मी क्युरिंगचं सांगितलं.

"भिंतीला पाणी पाजता? सायब, टँकर आला की बाया झिंज्या उपटायल्यात हितं. लोक जोड्यानं हाणतील तुम्हाला!"

खरं होतं. विश्रामगृहालाही पिण्यापुरतंच पाणी मिळत होतं. नाइलाजाने मी पत्र्यांचं बोललो.

खाटेवरून अप्पा म्हणाले, "आम्हा लिंगायतात बसवून पुरत्यात, सायब. तुम्ही तर जित्तेपणीच आडवं पेटीत घालायलाव."

महानंदाबाईंनी न्हाणीकडे बोट केलं. त्या वर्षी घरोघरी बाजेवर बसून अंघोळ चाले. बाजेखाली घमेलं ठेवायचं, अंगावरून पडलेलं पाणी त्यात धरायचं, पुढे त्यातच धुणं.

"हे चालंल का?"

"चालेल. पण साबणाचं नको." त्याने सिमेंट कच्चं राहील, अशी मला धास्ती होती.

"घ्या! साबण इकणारी मी, आन माझ्याच घरात साबण बंद!"

त्या घरापुरत्या थांबल्या नाहीत. गल्लीभर फिरून आल्या. गिलावा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळपासून बायका बादल्या घेऊन बागेत येऊ लागल्या. समोरचे गुरुजी अंगाला डाळीचं पीठ लावत. रोज विचारत, "पिठाचं चालतंय का, सायब?" मी म्हणायचो, "निवळून द्या, गुरुजी."

भिंतीवर आम्ही गोणपाट टांगलं होतं, ते ओल धरून ठेवतं. त्यावर तांब्याने पाणी मारायचं. देखरेख अप्पांकडे. खिडकीतून धडका हात बाहेर काढून ते गोणपाट चाचपत.

"ए इंजिनेर, डावीकडं सुकायलंय! झोपलाव का?"

आठवड्याने साहेब आले. किल्लीने गिलावा ठोकत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पोकळ आवाज आला की तिथे गिलावा सुटलेला असतो. कुठेच आला नाही. तडाही नव्हता.

"पाणी कुठून आणलंत?"

"गल्लीच्या अंघोळीचं आहे, सर."

साहेबांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "हे मंत्र्यांना सांगू नका," म्हणाले आणि चहा बागेतच मागवला.

दौऱ्याच्या दिवशी मंत्री गाडीतून उतरून सरळ आत गेले. बागेकडे त्यांनी पाहिलं नाही. पत्रे गोदामातच राहिले. अप्पा पुढे बरीच वर्षं जगले, त्याच खिडकीशी.

क्युरिंगचं पाणी कसं असावं, हे आमच्या पुस्तकात आहे. ते कोण देईल, हे नाही. त्या गल्लीचे उपकार मी फेडू शकलो नाही. एवढंच केलं, की नंतरच्या प्रत्येक कामावर मोजमापाची टेप उघडण्याआधी शेजारच्या घरी जाऊन आलो.