विमानवाल्याचं माप

माझा मामा शिंपी आहे आणि माणसाकडे आधी खांद्यापासून बघतो. चेहरा नंतर, जमलं तर. कुणी ओळख करून दिली की नमस्कार करता करता त्याची नजर कॉलरवरून फिरून येते. मग मामी हळूच म्हणते, "अहो, आत माणूस पण आहे."

गेली अकरा वर्षं मात्र त्याचा जीव कधीही न पाहिलेल्या एका माणसात अडकला होता. आमच्या इथल्या दफनभूमीच्या कोपऱ्यात एका परदेशी वैमानिकाचं थडगं आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याचं विमान टेकडीमागे पडलं. दगडावर नाव, वय बावीस आणि विमान पडलं ती तारीख, बस. मामाने वाचनालयं पालथी घातली, दूरच्या कचेऱ्यांना पत्रं धाडली. ती टाइप करायचं काम माझ्याकडे.

"गिऱ्हाइकाची पॅन्ट तीन आठवडे लोंबतेय," मामी म्हणायची.

"त्याला घाई आहे. याला नाही," मामा म्हणायचा.

यंदा त्या वैमानिकाच्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. वय एक्याण्णव. तो जागीच गेला, असं तिच्या घरी तेव्हा सरकारी कागदाने कळवलं होतं. तिला एवढंच हवं होतं: शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का? जाता जाता लिहिलं होतं की त्याचा डावा खांदा जन्मापासून उतरता, आई त्याचे शर्ट वेगळे बेतायची.

मामाने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि चार दिवस उत्तर दिलं नाही. त्या चार दिवसांत एक झब्बा दोन्ही उजव्या बाह्यांचा झाला.

"जागीच गेला म्हणजे कुणी नव्हतं. हे त्या म्हातारीला कसं लिहायचं?"

"थोडं गोड करून लिहा," मामी म्हणाली. "तिला कुठे कळणार आहे?"

"खोट्या मापाचा शर्ट अंगात जातो का?"

मामी भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "पुरताना त्याला काहीतरी घातलं असेलच की. तेव्हा इथे शिंपी एकच होता. तुमचे बाबा."

मामाने सगळ्या जगाला विचारलं होतं; फक्त स्वतःच्या दुकानाचा माळा राहिला होता.

आजोबा कामात उशिरासाठी प्रसिद्ध. एका नवरदेवाला त्यांनी काजं नसलेल्या कोटात लग्नाला उभं केलं होतं. विमानाबद्दल घरी ते कधी बोलले नाहीत, पण ते एकूणच कमी बोलायचे. तोंडात कायम टाचण्या. मापाच्या वह्या मात्र त्यांनी नीट ठेवलेल्या. नावं नाहीत, 'उंच पोस्टमन', 'रागीट मास्तर' असं काहीबाही. विमान पडल्यानंतर दोन दिवसांनीच्या तारखेचं पान निघालं:

'विमानवाला. शर्ट. छाती अडतीस. डावा खांदा पाऊण इंच उतरता. उजवी बाही सैल, हात बांधलेला. ट्रायल गुरुवारी.'

"बिचाऱ्याच्या प्रेताचं माप घेतलं," मामी म्हणाली.

मामा शिडीच्या पायरीवरच बसला. "आडव्या माणसाचा खांदा उतरत नाही गं. हे उभ्याचं माप आहे. तो बाबांच्या समोर उभा होता."

खाली पेन्सिलीने आणखी दोन ओळी होत्या. 'बुधवार: ताप वाढला. त्याच्याजवळ बसून काजं केली. गुरुवार: ट्रायल नाही. तोच घातला.'

मामाने वही मिटली, परत उघडली. 'त्याच्याजवळ' या शब्दाखाली बोटाने रेघ ओढावी तसं केलं.

दुपारी त्याने मला पत्र सांगितलं. "लिही, तुमचा भाऊ जागीच गेला नाही. शेवटी त्याच्याजवळ माझे वडील होते. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं काम वेळेवर दिलं नाही. हा शर्ट दिला."

"आणि हेही लिही," स्वयंपाकघरातून आवाज आला, "की त्यांच्या मुलाला माळ्यावर चढायला अकरा वर्षं लागली."

"लिही," मामा म्हणाला. मग चष्मा पुसत थोडा थांबला. "आणि विचार त्यांना, पाऊणच इंच होता ना?"