मावशीची उपकारस्तुती

माझ्या मावशीचा आवाज खणखणीत, इथूनच सगळं बिघडलं. हळू बोलणारी बाई असती, तर मनातल्या मनात देवाचे आभार मानून मोकळी झाली असती.

काका इमारतींना रंग द्यायचे. एकदा परांचीवरून खाली कोसळले. वाचणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते, पण वाचले. त्या रविवारी मावशीने चर्चमध्ये भर उपासनेत उभं राहून अशी काही उपकारस्तुती केली, की अख्खी मंडळी रडली. मीही रडले. काकांचं कमरेखालचं अंग कायमचं गेलंय आणि जीभ तेवढी धडधाकट राहिलीय, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

आमच्याकडे रीत अशी, की ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने साक्ष द्यायची आणि पुढचं गीत सुरू करायचं. एकदा, फार तर दोनदा. पण मावशीची साक्ष पाळकसाहेबांना एवढी आवडली, की वर्षं उलटली तरी दर रविवारी ते आमच्या बाकाकडे बघून म्हणायचे, "आपली बहीण आज आभार मानील ना?" मावशी उठायची. "प्रभू, माझ्या नवऱ्याला तू राखलंस..." मागच्या बायका कुजबुजायच्या, काय विश्वास आहे हो! मला त्यांचा संताप यायचा.

कारण मी ते घर बघत होते. रुग्णालयाच्या धुलाईखान्यातली नोकरी सोडून मावशी घरीच इस्त्री करू लागली होती. एक खोली. खिडकीशी काकांचा पलंग, त्याला खेटून इस्त्रीचं टेबल. काका स्टीलचा पेला पलंगाच्या दांड्यावर आपटायचे. पाणी दे, कूस बदल, पंखा कमी कर, तुझ्या इस्त्रीने उकडतंय.

"कुठे मेलीस?"

"मरायला तरी सवड आहे का? तुमच्या नाकासमोर तर उभी आहे."

ती न्हाणीघरात गेली तरी पेला वाजायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच, आणि वर रविवारी त्याचे जाहीर आभार.

रविवारी उपासनेपुरता शेजारचा म्हातारा वॉचमन काकांशी पत्ते खेळायला यायचा. मावशीची सुटका तेवढीच. आणि नेमकी तीच पाळकसाहेबांना खुपली. एका रविवारी त्यांनी मोठ्या मायेने जाहीर केलं, "नवऱ्याला सोडून इथे येताना आपल्या बहिणीचा जीव किती तुटत असेल! यापुढे तिने यायला नको. उपासनाच तिच्या घरी जाईल." मंडळी एका सुरात आमेन म्हणाली. मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

"नाही म्हण ना," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"देवाला घरी येऊ नकोस म्हणू?"

"देव येऊ दे की. पाळक कशाला?"

ती हसली नाही. देवाच्या दयेने माणूस असा कोंडला गेला, तर त्याने तक्रार कुणाकडे करायची?

पुढच्या रविवारी त्या खोलीत आम्ही दाटीवाटीने बसलो. इस्त्रीचं टेबल दाराबाहेर गेलं, वॉचमन आपल्या घरी. गीत झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं. पाळकसाहेब म्हणाले, "बहिणी, आभार मान."

मावशी उभी राहिली. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलेलं मला दिसलं. मग तिने डोळे मिटले.

"प्रभू, रविवारी मी तुझ्या घरी यायचे. तिथे मला कुणी हाक मारत नव्हतं. त्या वेळाबद्दल तुझे आभार. यांना राखलंस म्हणून आभार मानत आले, पण ते कधीच आटले होते. मी यायचे ती बसायला. तेवढं काढून घेऊ नकोस."

आमेन कुणी म्हटलं नाही. सगळे काकांकडे बघू लागले. आता पेला भिंतीवर जाणार, असं मला वाटलं.

काका छताकडे बघतच खेकसले, "पाळकसाहेब, तुमचा आवाज फार भसाडा आहे हो. माझं डोकं उठलं. पुन्हा इथे गायचं नाही. हिला तिकडेच बोलवा." आणि तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "लवकर परत धाडू नका."

त्या माणसाबद्दल मला आजही फारसं प्रेम नाही. पण त्या दिवशी मी त्यांची उशी नीट केली.

पुढच्या रविवारी मावशी माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. साक्षीची वेळ झाली तसे पाळकसाहेब सवयीने आमच्याकडे वळले. मी डोळे वटारून नकारार्थी मान हलवली. मावशी माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मंडळीला हाताने हळू गायची खूण केली, आणि गीत स्वतःच सुरू केलं.