न धुतलेलं स्टायरीन

स्टायरीनचा वास एकदा केसांत बसला की शांपूला दाद देत नाही. त्यामुळे हडपसरच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी असायची. पीएच.डी.चा मला झालेला हा पहिला लाभ. दुसरा लाभ म्हणजे सूड, आणि त्याची चव अजून जिभेवर आहे.

काम तसं साधं होतं. स्टायरीन नुसतं तापवलं तरी त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि प्लास्टिक तयार होतं. ते किती वेगानं होतं, हे इन्फ्रारेड यंत्रावर पाहायचं. जोडणी वाढेल तसं आलेखावरचं दुहेरी बंधाचं शिखर बुटकं होत जातं. फक्त एक अडचण असते. स्टायरीन बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यातूनच त्यात एक रोधक घातलेला असतो. तो आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढावा लागतो. मी प्रत्येक वेळी धुवायचे, आणि आमचे गाईड दारात उभे राहून म्हणायचे, "अहो बाई, धुणीभांडी घरी करा. इथे संशोधन करा."

माझे आलेख नीट जुळायला लागले, तेव्हा सरांनी तो विषय त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याला दिला. पेपरवर नावंही त्या दोघांचीच. "तुमचं पुढच्या पेपरात बघू," सर म्हणाले. पुढचा पेपर ही आमच्याकडे पुनर्जन्मासारखी श्रद्धेची बाब होती.

लाडक्यानं सगळी मोजमापं पुन्हा केली, न धुता, थेट बाटलीतून. विभागात सरांच्या परिसंवादातल्या भाषणाची तालीम झाली तेव्हा पडद्यावर त्याचा आलेख आला. रेघ बराच वेळ आडवी पडून होती आणि मग एकदम घसरली होती. रोधक संपेपर्यंत स्टायरीन स्वस्थ बसलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. सरांनी मात्र त्या आडव्या रेघेला 'रेणूंची प्रतीक्षावस्था' असं नाव देऊन शोध लावला होता.

"काही शंका?" सरांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले. "फारच सुंदर."

परिसंवादात समई, शाल, श्रीफळ सगळं यथासांग झालं. सरांचा परिचय त्यांच्या भाषणापेक्षा लांब होता. पहिल्या रांगेत बाहेरगावचे एक वयस्क शास्त्रज्ञ डोळे मिटून बसले होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी उभी राहिले.

"सर, स्टायरीन धुऊन घेतलं होतं का?"

शास्त्रज्ञांनी डोळे उघडले. सरांनी लाडक्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, पण त्याच्या हातातला माईक चालू होता.

"सर, तुम्हीच म्हणाला होता ना, धुणीभांडी नकोत म्हणून?"

सभागृह हसलं. शास्त्रज्ञ हसले नाहीत. "धुतलेल्या नमुन्यांचे आलेख दाखवा, मग बोलू," एवढंच म्हणाले. सरांना हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

चहाच्या वेळी सरांनी मला कोपऱ्यात गाठलं. शाल अजून खांद्यावरच होती. "तालमीत का नाही बोललात?"

"पेपरवर माझं नाव नव्हतं सर. दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसणं बरं दिसत नाही."

सरांनी कप खाली ठेवला. धुतलेले आलेख फक्त माझ्याकडे होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं, घालू तुमचं नाव."

"पहिलं," मी म्हणाले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली तशी शाल घसरून खाली पडली. मी बिस्कीट चहात बुडवलं.