न वितळणारे छर्रे

साहेबलोकांनी पाडलेली बदकं इंदुरीच्या डोहात उतरून आणायची, हे डोंगरवाडीतल्या शिदूचं काम. बदक सोलताना निघालेले शिशाचे छर्रे तो तव्यात वितळवून मासेमारीच्या जाळ्याला वजनं करी. एकाहत्तर साली मात्र छर्रे काही वितळेनात.

"लोखंडाचे आहेत," लोणावळ्याचे कोतवालसाहेब म्हणाले. त्यांच्या सोळा बोअरच्या बंदुकीला तसली काडतुसं मिळत नसत, म्हणून विलायती मासिक वाचून ते घरीच भरत. "पाण्यात पडलेलं शिसं बदकं गिळतात आणि विष भिनून मरतात."

शिदू चक्रावला. बदकं मारायला आलेला माणूसच त्यांना जपत होता.

"सायेब, त्याच तव्यात आमी भाकरी भाजतो. आमाला काय हुईल?"

मासिकात तेवढं दिलेलं नव्हतं.