खुर्चीला हात

किस्से शोधायला आम्हा खुर्चीवाल्यांना कुठं जावं लागत नाही. मेहकरच्या रस्त्यावर यायचा अवकाश, एखादा भला माणूस किस्सा घेऊन मागून येतोच. मागूनच येतो. समोर येऊन विचारायची पद्धत आमच्या गावात नाही.

आम्ही सहा जण. मी आणि बीबी गावचा संपत ब्रह्मदेशच्या लढाईत पाय ठेवून आलो. सायकलच्या दुकानवाल्या रशीदचे पाय लहानपणीच तापात गेले. बाकी तिघांची तऱ्हा तीच.

*

लढाईहून आल्यावर पहिल्यांदा केस कापायला गेलो. बरोबर धाकटा भाऊ. न्हाव्यानं कात्री माझ्या डोक्यावर धरली आणि विचारलं भावाला, "यायचे केस बारीक करू का मध्यम?"

मी भावाला म्हटलं, "त्याले सांग, पाय गेले, डोकं हाये अजून."

न्हाव्यानं भावाकडेच बघून मान हलवली आणि माझा चकोट केला.

*

खुर्च्या रशीदनं बनवल्या. वेताची खुर्ची, दोन बाजूंना सायकलची चाकं, मागे एक छोटं चाक. पाठीला लाकडी मुठीही लावल्या होत्या. त्या मुठींनी आमचा जीव घेतला! दिसली मूठ की ढकल. मला जायचं असायचं पोस्टात, लोक नेऊन सोडायचे देवळापाशी. वर पुण्य कमावल्यासारखे हात झटकायचे.

बाजाराच्या दिवशी संपत मिरच्या घ्यायला थांबला, तर एका गृहस्थानं आपली भाजीची पिशवी त्याच्या खुर्चीच्या मुठीला अडकवली आणि स्वतः घासाघीस करत बसला. संपत मुकाट्यानं घरी निघून आला. संध्याकाळी गृहस्थ धापा टाकत दारात. "माझी पिशवी?"

"मले काऊन विचारता?" संपत वांग्याची भाजी खात म्हणाला. "खुटीले टांगली होती ना? खुटीले विचारा."

दुसऱ्या दिवशी रशीदनं करवत घेतली आणि सगळ्या मुठी कापून टाकल्या.

*

आट्यापाट्या आमच्या वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही येतात. जमिनीवर आडव्या रेषा आखायच्या, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक राखणदार, त्यानं रेष सोडायची नाही. आपण हूल देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि अंगाला शिवू न देता परत यायचं. परत आला की लोण झालं.

आम्ही तेच खुर्च्यांवर सुरू केलं. गुरांच्या बाजाराच्या आवारात, कारण दुसरीकडे कोणी उभं करेना. चाकं शेणात रुतायची आणि त्याच चाकांना हात लावायचे. पण खेळ जमला. डावं चाक तळहातानं दाबून धरायचं, उजवं जोरात ढकलायचं, की खुर्ची गर्रकन वळते. संपत असा वळायचा की राखणदार एकीकडे आणि हा दुसरीकडे.

पहिल्याच दिवशी भांडण. राखणदार रशीदचा हात संपतच्या चाकाला लागला.

"मले कुठं शिवला बे?" संपत म्हणाला. "चाकाले शिवला."

"आन चाक कोनाचं हाये मंग?"

संपतनं आपल्या चाकाकडे पाहिलं. "खरं हाये," म्हणाला, "खुर्ची म्हंजे आंगच." आणि लगेच दुसरा नियमही त्यानंच केला. बाहेरच्या कोणाचा हात खुर्चीला लागला, तर खेळणारा बाद.

रशीद चिडला. "लोकायच्या चुकीची सजा आपल्याले काऊन?"

"म्हंजे आपन कोनाले हात लावूच देनार नाही."

*

शाळेचं ग्राउंड मुरमाचं, सपाट. रविवारी रिकामंच असतं. ते मागायला गेलो, तर हेडमास्तर म्हणाले, "गॅदरिंगला या ना. लोक बघतील, हळहळतील. चांगला परिणाम होतो मुलांवर."

मी संतापून खुर्ची वळवायला लागलो. संपत म्हणाला, "हळहळाले नाही येत, खेळाले येतो. तुमच्या मास्तरायनं पाट्या धराव्या. आम्ही एक जरी लोण केलं, तं रविवारी ग्राउंड आमचं."

हेडमास्तर हसले आणि हो म्हणाले. आमचे दोन्ही नियम त्यांना सांगितले, तेही कबूल केले.

*

गॅदरिंगच्या दिवशी अख्खं गाव लोटलं. मास्तर लोक दोन पायांवर, आम्ही चाकांवर. मी दुसऱ्याच पाटीवर बाद. रशीद आणि बाकीचेही एकेक करत बाद झाले. उरला संपत. तो सगळ्या पाट्या ओलांडून परत फिरला आणि शेवटच्या पाटीवर ड्रिल मास्तरांना अशी हूल दिली की मास्तर धुळीत आडवे! समोर मोकळी रेष. संपत दम घ्यायला क्षणभर थांबला.

पाहुणे म्हणून आलेले साहेब पहिल्या रांगेतून उठले. "अरेरे, दमला बिचारा," म्हणत मागून धावत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी संपतची खुर्ची रेषेपार ढकलली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पंच स्वतः हेडमास्तरच. त्यांनी शिट्टी फुंकली. "लोण!"

संपतनं हात वर केला. "बाद. खुर्चीले हात लागला."

"अहो, मी लोण दिलंय," हेडमास्तर खाली वाकून म्हणाले. "ग्राउंड तुमचं झालं. घ्या ना."

"देऊ नोका. बाद तं बाद."

साहेब रुमालानं डोळे पुसत होते. "मी तर फक्त मदत केली."

संपतनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खुर्ची वळवून तो पुन्हा पहिल्या पाटीसमोर जाऊन थांबला.

"मास्तर, दुसरा डाव मांडा," तो म्हणाला. "फक्त आधी साहेबायले त्यायच्या खुर्चीले बांधा."